टायर गार होईपर्यंत

टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा भरायचा आकडा नसतो. हे वाक्य मी गेली एकवीस वर्षं रोज किमान पाच वेळा बोलते, आणि समोरचा माणूस रोज वाकून तोच आकडा मला वाचून दाखवतो. "मॅडम, इथं ऐंशी लिहिलंय की!" लिहिलंय ना. ती मर्यादा आहे बाबा, त्याच्यापुढं जाऊ नकोस म्हणून लिहिलीय. हवा किती भरायची ते टायर ठरवत नाही, त्याच्यावर बसलेलं ओझं ठरवतं. हे ऐकून तो माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "मग ऐंशीच टाका."

मी हेमांगी डुबल. कराडहून पाटणकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. घरगाड्या हे माझं मुख्य काम. पूर्वी असली गाडी दिसली की लोक फोटो काढायचे. आत बिछाना, ओटा, संडास-बाथरूम, असं सगळं घर चाकांवर. आता उन्हाळा पंचेचाळीसच्या खाली येत नाही, माणसं घर घेऊन सावली शोधत फिरतात, आणि कुंभार्ली घाटाकडं जाणारी दर पाचवी गाडी घरगाडी असते. त्यातली एक माझ्या आईची.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा आई सत्तरची होती. थोरला रणधीरदादा फलटणला, धाकटा मयूरेश चिपळूणला आणि मी मधे कराडला. तेराव्यानंतर दोघा भावांनी बसून आईची पाळी ठरवली. अक्षय्य तृतीयेपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मयूरेशकडं, पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दादाकडं. म्हणजे पावसाळा कोकणात आणि उन्हाळा फलटणला. उलट केलं असतं तर बिचारीला बरं पडलं असतं, पण ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. आईनं मुकाट्यानं ऐकून घेतलं, आणि महिन्याभरात साताऱ्यातला फ्लॅट विकून घरगाडी घेतली. "येईन की तुमच्याकडं," म्हणाली, "पण माझं अंथरूण आणि माझे देव घेऊन. उंबरठा माझा राहील." तेव्हापासून ती गाडी दोघांच्या बंगल्यांच्या आवारात आळीपाळीनं लागते. विजेची तार आणि पाण्याची नळी जोडली की झालं.

माझं नाव पाळीत नव्हतंच. "लेकीकडं का कोणी राहतं?" हे आईच म्हणाली. मला राग आला. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचा राग आणखी वेगळा. पण फलटण ते चिपळूण रस्ता माझ्या दारावरून जातो. त्यामुळं वर्षातून दोनदा, पाळी बदलताना, आईची गाडी माझ्याकडं थांबते आणि घाटासाठी हवा मी ठरवून देते.

आता थोडं टायरबद्दल सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही.

गाडी कितीही मोठी असू दे, प्रत्येक चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग वहीच्या पानाएवढाच असतो. आईच्या गाडीच्या मागच्या एका चाकावर हजार किलो येतात. ते वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा कमी पडली की टायर पसरतो आणि दर फेरीला त्याची बाजू वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. मिनिटाला चारशे वेळा. तार तोडायची म्हणून सारखी वाकवत राहिलं की ती हाताला गरम लागते, तसाच टायर तापतो आणि एक दिवस फुटतो. हवा जास्त झाली तर नुसता मधला पट्टा टेकतो आणि घाटात ब्रेक नीट लागत नाही. म्हणून ज्या चाकावर जेवढं ओझं, तेवढीच हवा. आणि ती मोजायची गार टायरवर, कारण गाडी पळाली की आतली हवा तापून आकडा आठ-नऊ पौंडांनी फुगतो. पूर्वी मी प्रत्येक घरगाडी तीन तास सावलीत उभी करायला लावायचे. मग एकेक चाक वजनकाट्यावर घ्यायचं, किती ओझ्याला किती हवा तो तक्ता बघायचा आणि हवा भरायची.

चार वर्षांपूर्वी जाणते टायर आले. यांच्या रबरात केसाएवढा पातळ पडदा असतो. तो दबला किंवा वाकला की वीज सोडतो, त्यावरून चाकावर किती ओझं आहे ते मशीनला कळतं. ताप किती तेही कळतं, मग तापल्या आकड्यातून गार आकडा मशीन स्वतःच काढतं आणि गाडीतला पंप हवा कमी-जास्त करत बसतो. गाडी उभी असतानाही. कारण महिनोन् महिने एकाच जागी उभा राहिलेला टायर खालून चपटा होतो, तसं होऊ नये म्हणून ओझं कधी, किती, कुठल्या बाजूला आलं याची नोंद मशीन ठेवतं. तीन तासांचं काम अर्ध्या तासावर आलं. माझ्यासारखे सगळे खूश झाले.

पुढं काय होणार ते टायर बनवणाऱ्यांना सुचलं नसावं. गाडीत कोणी चढलं की पायरीवरून डाव्या चाकांवर वजन येतं, उतरलं की जातं. नोंद राहतेच. दोन वर्षांत घटस्फोटाच्या खटल्यांत चाकं साक्षीला यायला लागली. साताऱ्याचे एक वकील तर माझ्याकडंच शिकवणीला आले होते, "ताई, अठ्ठावन्न किलो म्हणजे बाईच का हो?" आम्ही टायरवाल्यांनी मग आपसांत एक रीत पाडली. आकडे बघायचे, माणसं बघायची नाहीत. हवा सांगायची आणि तोंड मिटायचं. मी ही रीत इमानदारीनं पाळली, या अक्षय्य तृतीयेपर्यंत.

सकाळी अकराला दादा आईची गाडी घेऊन आला. हल्ली गाडी सरळ रस्त्यावर आपलीआपण चालते, पण घाटात माणूस लागतो. दादा उतरला तोच कुरकुरत.

"तुझं हे मशीन बिघडलंय बघ, हेमा. साताऱ्याच्या पुढं बघितलं तर मागची हवा चौऱ्याहत्तर. या उन्हात! म्हणून जरा सोडली, तर हे येडं परत भरतंय. मी सोडतोय, हे भरतंय. शेवटी पंपच बंद केला आणि पासष्टवर आणून ठेवली."

मी कपाळावर हात मारला. अख्ख्या जिल्ह्यात हीच एक समजूत. उन्हाळा आहे, टायर फुटेल, हवा कमी करा! "दादा, तापलेल्या टायरची चौऱ्याहत्तर म्हणजे गार पासष्टच. तू तापल्यावर पासष्ट केलीस, म्हणजे गार छप्पन्न. पन्नास किलोमीटर तू आईला फुटायच्या टायरवरून आणलंस."

"काही होत नाही. बाबांच्या गाडीला आपण उन्हाळ्यात हवा कमीच ठेवायचो."

"आणि दोनदा फुटला टायर."

"ते खिळे होते."

खिडकीतून आईनं हात हलवला. मीही हलवला. "आलेच गं!" म्हटलं आणि चाकाशी बसले.

हातानं हवा सोडली की जाणता टायर रुसतो. जाणकारानं जुनी नोंद तपासून होकार दिल्याशिवाय तो पंप सुरू करू देत नाही. म्हणून मी सहा महिन्यांची नोंद उघडली. टायरला इजा झालीय का, एवढंच बघायचं होतं.

अठ्ठेचाळीस किलो, सतत. ही आई. सहासष्ट किलो, दिवसातून दोनदा, एका वेळी चाळीस सेकंद. ही वहिनी, ताट ठेवायला येणारी. तीनशे बासष्ट वेळा, एकही दिवस चुकला नाही, एकही दिवस मिनिटभर झाला नाही. ब्याण्णव किलो, म्हणजे दादा. सहा महिन्यांत चार वेळा. एकूण बावीस मिनिटं.

मी ते तीनदा वाचलं. कारण आई मला रोज संध्याकाळी फोन करते, आणि रोज सांगते, "रणधीर आत्ताच उठून गेला बघ. चांगला तासभर बसला होता. गुडघा दुखतोय म्हणत होता." परवा तर म्हणाली, डाव्या गुडघ्याला तेल लावून दिलं.

रीत मोडायचीच झाली म्हटल्यावर मागचं चिपळूणचंही उघडलं. मयूरेश, चौऱ्याहत्तर किलो, नऊ वेळा. तीस किलो, म्हणजे त्याची मुलगी ईरा, जूनमध्ये रोज, जुलैमध्ये आठवड्यातून एकदा, ऑगस्टनंतर नाही. आणि फोनवर? "ईरा माझ्याजवळच झोपते, गोष्ट ऐकल्याशिवाय डोळा मिटत नाही."

मला तेव्हा रडू आलं नाही, नुसता संताप आला, आणि संतापाच्या मागं एक हिशेबी विचारही आला, तोही सांगून टाकते. आता आई माझ्याकडं राहील. नोंदीचा कागद समोर ठेवला की 'लेकीकडं का कोणी राहतं' म्हणायला तिला तोंड उरणार नाही. पण तोच कागद तिच्याही समोर येणार होता. सहा वर्षं ती जे रोज नेमानं रचून सांगत होती ते खोटं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे असं तिला कळणार होतं. तरी मी मशीनमधून कागद छापून काढला.

दादा कॉम्प्रेसरपाशी बाकड्यावर बसला होता.

"गुडघा कसा आहे?"

"कसला गुडघा?"

"डावा. आई तेल लावते तो."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी कागद त्याच्या मांडीवर टाकला आणि ब्याण्णवच्या ओळीवर बोट ठेवलं. वाचून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. लहानपणी मार खाताना व्हायचे तसे.

"माझ्या आईला मी बघतो की नाही, ते तुझं चाक सांगणार?"

"चाकाला तुझ्याशी काय वैर आहे?"

"दोन वेळचं गरम ताट जातं तिला. डॉक्टर महिन्याला घरी येतो. एसी एक दिवस बंद पडू दिला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तूच सांग हेमा, तिनं माझा उंबरठा म्हटलं. बोलावल्याशिवाय कसं जायचं? मी रोज संध्याकाळी बंगल्याच्या ओट्यावर बसतो, समोर गाडी दिसते, आत दिवा दिसतो. वाटतं, हाक मारेल. मारत नाही."

"आईनं हाक मारायची?"

"मग काय करायचं?"

"जायचं! दार उघडून जायचं! आईला मी ठेवणार आता, माझ्याकडं. तुम्ही दोघांनी केलंत तेवढं पुष्कळ झालं."

तो उठून मशीनपाशी गेला, चष्मा लावला आणि काहीतरी शोधत बसला. मला वाटलं, खोडतोय की काय. पण त्यानं मशीनचा पडदा माझ्याकडं वळवला, अगदी हळू, त्याला जिंकायचं असल्यासारखं नाही.

थांबा: कराड. चार वर्षांत आठ वेळा, दर वेळी अर्धा तास. त्रेसष्ट किलो, म्हणजे मी. दोन वेळा. एकूण सहा मिनिटं. त्यातलं एकदा दुकानात पाणी नव्हतं म्हणून मी आईच्या गाडीतलं बाथरूम वापरलं होतं.

पूर्वी तीन तास गाडी उभी असायची तेव्हा तरी जात होते का मी? नक्की आठवेना. बाहेरून खिडकीत चहा दिल्याचं आठवतं. डब्यातून पुरणपोळी दिल्याचं आठवतं. गिऱ्हाइकं असायची, आणि आईची गाडी म्हणून मी टायर दुप्पट काळजीनं बघायचे, वाकून, आडवी पडून, चारही. तेवढ्यात वेळ संपायचा.

"भांडून झालं का रे?" आई खिडकीतूनच म्हणाली. खिडकी उघडीच होती आणि आमचे आवाज काही लहान नव्हते. "हेमा, तो कागद दे इकडं."

मी दिला. तिनं चष्मा पुसून सगळा वाचला, ओळीवर बोट फिरवत, रेशनची यादी वाचावी तसा.

"मी कधी कुणाची तक्रार केली?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग या चाकानं कशाला करायची?"

दादा खाली बघत होता.

"आई, तू खोटं का सांगायचीस?" मी विचारलं. "मला सांगायचंस ना."

"तुला सांगून तू काय केलं असतंस? त्याच्याशी भांडली असतीस. आता भांडलीस तशी. मग सणावाराला त्यानं तुझ्याकडं यायचं बंद केलं असतं. माझ्यानंतर तुम्हाला कोण आहे?" मग म्हणाली, "आणि सांगताना मलाही बरं वाटायचं. खरंच येऊन गेल्यासारखं."

"मग आता माझ्याकडं राहा. मी मयूरेशला फोन करते. इथंच, दुकानामागं गाडी लावू. पुरे झाल्या पाळ्या."

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "तुझ्याकडं राहीन गं. पण तू तरी कुठं आत येतेस?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"ते सगळं पुसता येतं का?" तिनं मशीनकडं बोट दाखवलं. "पार मागचं. फलटण, चिपळूण, तुझंसुद्धा. मयूरेशकडं असल्या कागदावरून पुन्हा हाच तमाशा नको."

येतं पुसता. पण नोंद पुसली की टायर कोरा होतो. कुठल्या चाकावर किती ओझं, किती तापला म्हणजे किती वजा करायचं, सगळं विसरतो. मग मशीनचा उपयोग नाही. जुन्या पद्धतीनं जावं लागतं. टायर पूर्ण गार होऊ द्यायचे, एकेक चाक काट्यावर घ्यायचं, तक्ता काढायचा. हे मी आईला सांगितलं.

"किती वेळ लागेल?"

"तीन तास. त्याच्या आधी गाडी हलवायचीच नाही."

दादा सवयीनं घड्याळाकडं बघायला गेला आणि बघितलं नाही. "पूस," म्हणाला. "मयूरेशला मी सांगतो उशीर होईल म्हणून."

मी पुसलं. मशीननं दोनदा विचारलं, नक्की का? दोन्ही वेळा मी हो म्हटलं. चारही चाकांसमोर शून्य आलं. दुकानासमोर तीन गाड्या ताटकळत होत्या, त्यांना हात जोडून पलीकडच्या दुकानाकडं पाठवलं. त्यातला एक जाता जाता म्हणाला, "नुसती ऐंशी टाकायची होती हो." मग हात धुतले, चपला पायरीखाली काढल्या आणि आत गेले.

आतलं मी नीट कधी बघितलंच नव्हतं. बाबांच्या फोटोला रुमालाची झालर लावलेली. ओट्यावर दोन कप पालथे, एक वापरातला, एक कोरा. बिछान्यावर तीन उश्या. आईनं मला बसायला सरकून जागा दिली. मी टायरबद्दलच सांगायला लागले आणि तीही ऐकत राहिली, हवा रबराला कशी उचलते ते. "म्हणजे दिसत नाही तेच उचलतं होय," म्हणाली. थोड्या वेळानं दादा पायरीपाशी येऊन उभा राहिला.

"आत येऊ का?"

"विचारतोस काय मेल्या," आई म्हणाली.

तो आला आणि अवघडून दारापाशीच बसला. गाडी त्याच्या बाजूला किंचित कलली. आईनं त्याचा गुडघा दाबून बघितला. तो म्हणाला, "दुखतोय जरा." दुखत नव्हता. मग तिनं ताक दिलं, मला कोऱ्या कपात, आणि आमच्या लहानपणची कुठली कुठली भांडणं काढून हसली. दोन वाजता बोलता बोलता तिचा डोळा लागला. आम्ही दोघं तिच्या पायाशी बसून राहिलो. मला कित्येक वर्षांत इतका वेळ रिकामं बसल्याचं आठवत नव्हतं, आणि फार वाईट वाटत होतं, आणि उठावंसंही वाटत नव्हतं.

सव्वादोनला दादा हलक्या पावलानं खाली उतरला. खिडकीतून मला दिसलं, त्यानं चारही टायरना उलटा हात लावून बघितला. मागच्या डाव्याला जास्त वेळ लावला. तेवढ्यावर मला कळलं, आणि त्यालाही कळलं. टायर गार झाले होते. तो परत वर आला, होता त्याच जागी बसला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

सव्वातीनला आई दचकून जागी झाली. आधी मला बघितलं, मग दादाला.

"अगं बाई, तुम्ही अजून इथंच? घाट उतरायचाय ना? टायर झाले नाहीत का गार?"

"नाही," दादा म्हणाला. "अजून कोमट आहेत."

"मग बसा," आई म्हणाली.